क ने ख ला घोडा विकला

सिव्हिल लाइन्सला, जिल्हा कोर्टाच्या फाटकाबाहेर
कडुनिंबाखाली बाबांची जागा होती:
टेबल, फोल्डिंगची खुर्ची, चार खिळ्यांवर ताडपत्री,
आणि एक मराठी टाइपरायटर
ज्याचा क उमटत नसे.

हे मला नंतर कळलं.

मी अठराची झाले त्या मार्चमध्ये
बाबांनी ते सगळं मला विकलं, अकरा हजारांना.
फुकटच्या वस्तूला किंमत राहत नाही, म्हणाले,
आणि शंभराच्या स्टॅम्पवर मजकूर स्वतःच टाइप केला.
त्यात जागोजाग क काळ्या पेनाने गिरवलेले.
मला वाटलं, किती टापटिपीचा माणूस.

सही करताना मी म्हटलं,
"मशीन चांगली आहे नं, बाबा?
काही बोलले नाही तं मी चांगलीच समजीन."
बाबा कार्बन पेपर सरळ करून राह्यले होते.
करतच राह्यले.

पुढं दोन वर्षांनी मोटघरे आला,
संध्याकाळच्या लॉ कॉलेजचा, नोट्स टाइप करायला.
संविदा अधिनियम, कलम सतरा.
मी शीर्षक ठोकलं: कपट.
कागदावर आलं: पट.
पेन घेतला, क भरला, पुढं गेले.

खरं नाही हे माहीत असून खरं म्हणून सांगणं.
माहीत असलेली गोष्ट झटून लपवणं.
पाळायचं मनात नसताना दिलेलं वचन.
आणि फसवायला जमेल असं दुसरं काहीही
(इथं कायदा लिहिणाराही दमला असावा).
पण नुसतं गप्प राहणं, ते कपट नव्हे.

खाली उदाहरण.
क लिलावात ख ला घोडा विकतो.
घोड्यात खोड आहे, क ला ठाऊक आहे.
क काही बोलत नाही. कपट नाही.

मग दुसरं:
ख ही क ची मुलगी आहे, नुकतीच सज्ञान झालेली.

मोटघरे म्हणाला, "ताई, थांबल्या काऊन?"

तिसऱ्या उदाहरणात तर ख विचारते सुद्धा,
तू नाही म्हटलं नाहीस तर घोडा ठीक आहे असं समजेन.
क काही बोलत नाही.
मी ते एका दमात टाइप केलं, एकही क न भरता.
त्या पानावर कोणी कोणाला विकलं तेच कळत नव्हतं.
त्याच्याकडून त्या पानाचे पैसे घेतले नाहीत.

त्या संध्याकाळी टेबलाचा खालचा ड्रॉवर ओढून काढला.
एक कार्बन कॉपी: भाडेकरारनामा, अकरा जानेवारी,
रस्त्यापलीकडचा गाळा, जयस्वालांचा,
वापर: संगणक टंकलेखन व झेरॉक्स.
टाइप करणारा कोण, ते क वरून कळलं.

मशीनचं सोडा. बाबांना पूर्ण घोडाच माहीत होता.

कलम एकोणीस म्हणतं, माणसाने साधी काळजी घेतली असती
तर त्याला कळलं असतं, मग गप्प बसण्याची तक्रार चालत नाही.
ड्रॉवर माझाच होता. मार्चपासून.
पण पेनाने भरलेले ते क,
ते गप्प बसणं होतं की झटून लपवणं,
यावर दोन वकील दोन तास भांडू शकतील.
मी त्यांना चहा पाजीन.

अकरा हजारांतून बाबांनी खालची कवळी बसवली,
सक्करदऱ्याच्या डॉक्टरकडं. उरलेल्याचं काय केलं
मी विचारलं नाही. ते बोलले नाहीत.
कवळी बसल्यावर तं आणखीच कमी बोलत.

आता माझाही कॉम्प्युटर आहे, सगळे क येतात.
मशीन घरी, कपाटावर. कधी उतरवून
क दाबते. शाई नाही लागत,
पण कागद खिडकीच्या उजेडाला धरला
की खळगा दिसतो.

असा करार शून्य नसतो, शून्यनीय असतो:
फसलेल्याने म्हटलं तरच रद्द.
मुदत केव्हाच गेली.
मुदत होती तेव्हा रोज दुपारी एकला
बाबा डबा घेऊन यायचे, खुर्चीच्या बाजूला उभे राहायचे,
आणि मी पेनाने क भरत असले
की रस्त्याकडं पाहायचे.