जवसाचा निळा

पवनीच्या पुष्पकलाताईंना
ओट्याखालची दारं निळी पाहिजेत.
जवसाच्या फुलाची निळी, सकाळी नऊच्या आतली.

"साग लाव ना जी," भासरे म्हणाले,
"आपल्याकडं सागाचा काय तोटा?"
मी जुन्या दाराच्या सांध्यावर बोट ठेवलं.
मे महिन्यात उघडतो, श्रावणात मिटतो,
रंग दर साली तिथंच फाटतो.
साग मेला तरी श्वास घेतो.

पिशवीत एमडीएफचा तुकडा होता.
ताईंनी हुंगला, नखानं टोकरला.
"कोनच्या झाडाचा आहे जी?"
भुसा आहे, म्हटलं, डिंकात दाबलेला.
रेघ नाही, गाठ नाही,
रंगाच्या आड येईल असं काहीच नाही.

खोटं नको, म्हणून
तुकडा गुंडातल्या पाण्यात सोडला.
चहा होईस्तोवर
कड फुगली, चहात राहिलेल्या टोस्टासारखी.
भासरे हसले. मी बशीकडं पाहत राहिलो.

ताईंनी तुकडा काढून पदराला पुसला.
"कापल्या जागीच फुगला ना?
मंग तिथंच जास्त पाजा रंग.
अन् सिंकखाली लावा तुमचा प्लाय."

बापाचा रंधा घरीच राहिला,
इथं त्याला सोलायला काही नव्हतं.
कडा अस्तर पीत राहिल्या,
घासलं, पाजलं, पुन्हा घासलं,
चौथ्या हाताला तहान भागली.

रंग वाळल्यावर ताईंनी
बांधीतून एक फूल आणलं, दारापाशी धरलं.
दार जरा गडद वाटलं.
पण तेव्हा साडेदहा झाले होते,
आणि फुलाच्या दोन पाकळ्या
वाटेतच गळल्या होत्या.