पाटीवाल्याचं बिल

सिनेमावाले आले तेव्हा मी खानापुरात
खताच्या दुकानाची पाटी पुसत होतो.
कन्नड वर, मोठं. मराठी खाली, मावलं तर.
चाळीस वर्षं हेच करूलालोय,
हाताला दोन्हीकडची वळणं सारखीच पाठ.

म्हणाले, भुताचा पिक्चर आहे, जुन्या काळचा,
अठराशे नव्व्याण्णव, प्लेगची साथ.
लोंढ्याच्या अलीकडं रुळाकाठच्या मोडक्या गुदामाची
आम्ही तपासणीची छावणी केलीय.
एक फळी हवी. शब्द एकच :
थांबा.

मी विचारलं, कुठल्या भाषेत?
मॅनेजरनं फोन केला. मग आणखी एक फोन केला.
शेवटी ठरलं, मोडी, कन्नड, इंग्रजी,
तिन्ही एका मापाची, पट्टी लावून.
मोडीचं वळण एका खरेदीखतावरून उचललं,
चहाच्या पाण्यात काथ कालवून फळी म्हातारी केली,
कडेला मेणबत्तीचा धूर दिला.

रात्रीचं शूटिंग. कंदिलात बल्ब, धुराचं मशीन,
गर्लगुंजी, नंदगड, इदलहोंडचे
चाळीस गडी-बाया, रोजी पाचशे आणि जेवण.
भूत झालेली पोरगी पुण्याची होती.
डोळ्यांत पांढऱ्या काचा घालून
आईशी मोबाईलवर बोलायची,
"हो गं, जेवले. थंडी नाहीय एवढी."

तिसऱ्या रात्री डबे एकेचाळीस संपले.
हिशेबाच्या नागोजीनं डोकी दोनदा मोजली.
चाळीसच.
कुत्रं खातंय, म्हणाला.

ती फळीजवळ उभी होती.
हिरव्या इरकलीचा पदर दातात धरलेला,
काखेत घोंगडं, त्यात बांधलेलं काहीतरी.
मला वाटलं, कपडेवाल्यांनी काम झकास केलंय,
घोंगड्याला वास सुद्धा दिलाय,
चुन्याचा, कार्बोलिकचा.

"अण्णा, हितं काय लिवलंय?"
मराठी होती, हेल कन्नडचा.
आमच्याकडं उलटंही असतं.
मी वाचून दाखवलं.
"ते ठावं हाय," ती म्हणाली.
"शिपायानं सांगिटलं तवाच. थांबले की.
फुडं काय लिवलंय?"

पुढं काहीच नव्हतं.

डायरेक्टर ओरडला, कोण आहे तिकडे फ्रेममध्ये!
मी बाजूला झालो.
फ्रेममध्ये मी एकटाच होतो.

त्या रात्री उरलेल्या प्लायवर
माप न घेता, जुनं न करता,
ताज्या पिवळ्या ऑइलपेंटनं लिहिलं, जा बाई.
शेजारी कन्नडात, होगव्वा.
कुठलं मोठं झालं, कुठलं लहान, बघितलं नाही.
पहिल्या फळीवर टेकवली
आणि तिला वाचता येत नाही हे आठवून
मोठ्यानं वाचली. दोन्ही. दोनदा.
गँगमन बॅटरी मारून बघून गेला.
मग रिकाम्या वाघिणींची एक मालगाडी,
बराच वेळ.

सकाळी गवतातलं दव एका रेघेत मोडलेलं,
रुळ ओलांडून रानात गेलेलं.
कुणाची म्हैसही असेल.
त्या दिवशी डबे चाळीस.

पिक्चर बेळगावात दोन आठवडे चालला.
पांढऱ्या डोळ्यांना पोरं किंचाळली, शिट्ट्याही मारल्या.
माझी फळी दीड सेकंद दिसते,
वरची मोडी कापली गेलीय.

बिल अजून अडकलंय.
पहिल्या फळीचे पैसे दिले,
दुसरीवर लाल शाईचा शेरा : कथेत नाही.
मग परत घेऊन आलो तिला.
दुकानाबाहेर भिंतीला टेकवलीय.
गिऱ्हाईक येतं, वाचतं,
आणि खरंच माघारी वळतं.
शेवंता म्हणते, उलटी तरी ठेवा हो.
ठेवतो की.
एवढी दिवाळी जाऊ दे.