उसनं

नंदनवनातल्या घरी रात्री अकरानंतर
कूलरमध्ये दोन बादल्या ओतून मी कामाला बसते.
दिवसा सत्तेचाळीस होतं. दिवसा नुसतं टिकायचं.

काम कोणाला सांगण्यासारखं नाही.
यंत्राशी बोलायची एक भाषा आहे,
तिच्या पोटात सी नावाची जुनी भाषा,
आणि दोघींच्या सांध्यावर चारशे बारा फंक्शनं.
त्यांची माहिती सतरा जणांनी सतरा तऱ्हांनी लिहिलेली.
मी ती झाडते आहे.

कुठे मेलेलं नाव अजून हजेरीपटावर.
कुठे "हे जुनं झालं, नवीन वापरा",
आणि नवीन कोणतं, ते लिहायचं राहिलेलं.
एका पानावर नुसतंच "वरीलप्रमाणे".
वर काही नाही.

शालिकभाऊ गच्चीकडे जाताना दारात थांबले.
"काय करून राहिल्या ताई, इतक्या रात्री?"
झाडू मारून राहिली, म्हटलं.
"रात्री नाही मारत. लक्ष्मी जाते."
उशी काखेत घेऊन वर गेले.

दर पानाला खरं तर एकच विचारायचं असतं:
फंक्शन हातात जे ठेवतं
ते तुमचं, की उसनं?
तुमचं असेल तर काम झाल्यावर तुम्हीच मोकळं करा.
उसनं असेल तर ज्याचं आहे तो बघेल,
तुम्ही हात लावू नका.
एवढं एक वाक्य गाळलं की
कुठे तरी कोणाचा तरी प्रोग्राम
तीन दिवस बरा चालतो
आणि चौथ्या दिवशी, कोणी काही न करता, बसतो.

बापूंना हे समजवावं लागलं नसतं.
घाटोळे बिछायत केंद्र, जुनी शुक्रवारी.
सतरंज्या, पराती, चाळीस माणसांच्या भाजीचे गंज,
प्रत्येकाच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी टोचलेलं नाव.
लग्नघरी गंज जायचे, दुसऱ्यांच्यात मिसळून परत यायचे,
टेम्पोच्या मागे, लाइट गेलेली असताना,
बापू नाव बोटाने वाचायचे.
वहीत रकाने दोनच छापलेले होते, गेलं आणि आलं.
तिसरा त्यांनी पट्टी धरून स्वतः आखला: कोणाचं.

आज दोनशे सहाव्यापाशी अडले.
"यादीतली वस्तू देतं. मोकळी करण्याची गरज नाही."
सी उघडून पाहिलं. साफ चूक.
देतं ती नवी प्रत, घेणाऱ्याची.
म्हणजे नऊ वर्षं लोक या वाक्यावर विश्वास ठेवून
काही मोकळं करत नाहीत,
आणि मेमरी थेंबाथेंबाने साचते आहे
कुठल्या कुठल्या बंद खोल्यांतल्या यंत्रांत.
कोण हा शहाणा, म्हणून बदलांचा इतिहास काढला.
मी.
नोकरीचं पहिलं वर्ष. तारखेसकट.

पाणी प्यायला उठले.
कूलर गळतो, त्याच्याखाली एक गंज असतो,
बापू गेल्यापासून तिथेच.
भरला होता. मोरीत उपडा केला
आणि काठावरून बोट फिरलं, सवयीने नाही, सहजच.
बो. क. डे.

बोकडे कोणते? सक्करदऱ्याचे, की महालातले?
वही माळ्यावर आहे.
बापूंच्या बोटातून हा कसा सुटला,
की सुटला नव्हता, हे वहीत नसणार.

परत येऊन वाक्य बदललं.
"नवी प्रत देतं. ती घेणाऱ्याची. काम झाल्यावर मोकळी करावी.
आधी इथे उलट लिहिलेलं होतं."
कोणी लिहिलेलं, ते लिहावं का, यात पाच मिनिटं गेली.
नाही लिहिलं. इतिहासात आहेच.

गंज दारापाशी ठेवलाय, सकाळी दिसेल असा.
कूलरचं पाणी आता सरळ फरशीवर टपटपतंय,
शालिकभाऊ पुसतील आणि मला चार शब्द ऐकवतील.

दोनशे सात.
"वरीलप्रमाणे."
आता हे कोणत्या वरच्याप्रमाणे,
ते बघावं लागेल.