कारणाचा रकाना

सव्वीस वर्षं मी फुलेवाडीची नर्सबाई होतो.
(आमच्याकडं बायका 'होतो'च म्हणतात.
पुण्याची पोरं हसतात, हसू देत.)
खांद्याला निळा डबा, डब्यात चार बर्फाच्या लाद्या,
आणि प्रत्येक बाटलीवर नखाएवढा गोल,
गोलात चौकोन.
चौकोन गोलापेक्षा फिका, तर औषध चांगलं.
गोलाएवढा काळा पडला, तर टाकून द्यायचं.
इतकं सोपं.

ताप भादव्यात आला. पाच दिवस राहिला, गेला.
जाताना काहीतरी घेऊन गेला.
काय, ते सीपीआरला सापडलं नाही,
राजारामपुरीत सापडलं नाही,
मिरजेला मशीनच्या नळीत तर मला झोपच लागली.
रिपोर्ट नॉर्मल. रिपोर्ट नॉर्मल.
फाइल आता एवढी जाड
की उचलली तरी धाप लागते.

डॉक्टर शिरगुप्पे म्हणाले, पाळी जायचे दिवस,
मन गुंतवा कशात तरी.
धोंडीराम भावजी म्हणाले, ती सुई.
पैली तुम्हीच टोचून घेतली, वर फोटो काढून.
ताप भादव्यात, सुई पौषात,
मी बोटं मोजून दाखवली.
ते म्हणाले, बोटं काय, कशीबी मोजता येतात.
शेजारच्या मगदूमकाकू म्हणाल्या,
टेंबलाईचं पाणी चुकलं असंल त्या साली.
तिघांची खात्री पक्की.
खात्री नव्हती ती मला एकटीला,
आणि दुखत होतं तेही माझंच.

सवय म्हणून वही घातली, रकाने आखले:
तारीख, काय केलं, काय झालं, कारण.
मंगळवार. तीन भाकरी थापल्या. दीड दिवस पडून.
शुक्रवार. केस धुतले. दोन दिवस.
रविवार. पुतणीच्या लेकीसंगं तासभर हसलो.
ते मोजलं नाही.
आषाढात पी-ढबाक वाजत
पंचगंगेचं नवं पाणी गल्लीतून टेंबलाईला गेलं,
मी खिडकीपर्यंत गेलो.
नोंद केली.
शेवटचा रकाना कोराच.
नोकरीत मी एकही रकाना कधी कोरा सोडला नाही,
वरून तपासायला यायचे.

मग फरजाना बागवानचा फोन. माझ्या जागेवर आता ती.
दीदी, साने गुरुजी वसाहतीत नऊ महिन्यांचं पोर आहे,
आई गोवराची सुई नको म्हणते.
तुमचं नाव घेते.
म्हणते, टोचणारीच अंथरुणाला खिळली.

रिक्षानं गेलो. एकोणीस पायऱ्या, मधे दोनदा बसलो.
ऋतिका कुंभोजे. चोविशी-पंचविशीची.
खुर्ची दिली, पंखा लावला,
आणि मला असं बघितलं
जसं बाजारात वांगं फिरवून बघतात.
मी म्हणालो, मला काय झालंय, कुणालाच माहीत नाही.
ताप आधी आला, सुई नंतर. एवढं मला माहीत आहे.
ती म्हणाली, सुईनं नाहीच, असं लिहून द्याल?
म्हणालो, तारखा लिहून देतो.
राधानगरीच्या एका वाडीवर
गोवरानं गेलेलं पोर मी पाहिलंय,
चौथ्या दिवशी, डोळे उघडेच.
ते सांगायचं होतं.
दम पुरला नाही.

पोरगं सरपटत आलं, मांडीला धरून उभं राहिलं.
त्याच्या दंडावर बोट गेलं, आपसूक.
वाटलं, माणसालाही असता एक गोल,
कानामागं, कुठंही,
तर शिरगुप्प्यांना, भावजींना दाखवला असता.
बघा, चौकोन अजून फिका आहे.
इतक्यात टाकू नका.

बुधवारी ती केंद्रावर आली का, माहीत नाही.
बुधवारी मी पडून होतो.
फरजानाला फोन लावायचा, तर बोलायला लागतं.

शुक्रवारी वही घेतली.
सोमवार. एकोणीस पायऱ्या. चार दिवस.
कारणाच्या रकान्यात
पोराचं नाव लिहायला गेलो,
तर विचारायचंच राहिलं होतं.