मनोरा विकलेला नाही

यादी करायला बसलो आम्ही दोघं,
मी आणि वीब्रेन, गुरुवारी, अंगातले कोट न काढता.
इथे ऊब हवी तर हीटर आदल्या रात्रीच लावावा लागतो,
आणि आता आदली रात्र कुणासाठी?

बाक : एकोणतीस. पैकी दोन किडलेले.
पायाखाली घ्यायच्या लाकडी शेगड्या, भोकांच्या : अकरा.
दानाच्या मखमली पिशव्या, लांब दांड्यांच्या : दोन.
एकीच्या तळाशी शर्टाचं बटण.
वीब्रेन म्हणाला, बटणही लिहायचं?
म्हटलं, लिही.
तो माणूस निदान आला तरी होता.

भजनांच्या आकड्यांची फळी भिंतीवर तशीच.
एकशे तीन. बेचाळीस. मग मोकळी खाच.
शेवटच्या रविवारी चौघं होतो.
पाद्री पाच गावांत मिळून एक, त्याला पुढचं गाव गाठायचं होतं,
आणि ऑर्गनवाल्या सिएत्स्केबाईंना बस.
तिसरं भजन राहून गेलं.

लोक विचारतात, झालं काय नेमकं?
काही झालं नाही.
कुणी दार आपटून गेलं नाही.
आधी पोरांच्या फुटबॉलच्या मॅचेस रविवारी आल्या,
मग यॉरितच्या गाई नेमक्या रविवारीच आजारी पडू लागल्या,
मग फक्त नाताळ,
मग फक्त मयत,
आणि आता मयतही शहरात, कॉफी-केकसकट, पाऊण तासात.

हे गाव टेकाडावर आहे. टेकाड माणसांनी घातलेलं,
शेण, राख, चिकणमाती, टोपली टोपली करत,
कारण समुद्र न विचारता आत यायचा.
माथ्यावर चर्च. पाणी चढलं की गुरं, पोरं, बाळंतिणी,
सगळ्यांनी वर यायचं.
बाबा म्हणायचे (चाळीस वर्षं इथल्या चाव्या त्यांच्याकडे)
'बंधारा उंच झाला ना,
त्या वर्षापासून दुसऱ्या रांगेत जागा दिसायला लागली.'
तक्रार नव्हती ती.
बंधाऱ्याच्या कामावर तेही होते, फावडं घेऊन.

मी सतराव्या वर्षी सोडलं.
कारण फार मोठं नाही.
प्रवचन चाललेलं, काचेवर एक माशी धडका देत होती,
आणि माझ्या लक्षात आलं, मी माशीच्या बाजूने आहे.
पुढच्या रविवारी बाबांनी खुंटीवर माझा कोट पाहिला,
चाव्यांचा जुडगा उचलला आणि गेले.
बोलले नाहीत. मीही नाही.
ते बोलणं अजून तिथेच आहे, खुंटीवर.

एक मात्र सुटलं नाही.
प्रवचन सुरू झालं की ओळीतून पेपरमिंट फिरायची.
आई मला द्यायची, मी शेजारणीला,
सगळं गाव एकदम चोखायला लागायचं,
आणि देव, असलाच तर, त्या वासातून बोलायचा.
अजून दवाखान्यात, बँकेत, कुणी लांबण लावली
की माझा हात खिशात जातो,
आणि मग शेजारच्या अनोळखी माणसापुढे.
काही घेतात. बहुतेक दचकतात.

गिऱ्हाईक ग्रोनिंगनचं आहे, नवरा-बायको.
पाद्री उभा राहायचा तिथे स्वयंपाकघर करणार.
माणसं चांगली आहेत, छत कुठे गळतं ते त्यांनीच आम्हाला दाखवलं.
मनोरा मात्र त्यांना मिळणार नाही.
मनोरा नगरपालिकेचा, कुठल्याशा जुन्या कायद्याने.
भिंतीला भिंत लागून, पण मालक वेगळा.
म्हणजे घंटा वाजणार. तासाला, अर्ध्या तासाला,
आणि रविवारी साडेनऊला जरा जास्त वेळ,
कारण यंत्र तसं लावलेलं आहे
आणि ते बदलायला अर्ज लागतो.
अर्ज कुणी केलेला नाही.

वीब्रेनने खाली रेघ मारली. मी सही केली.
बाहेर साडेचारचा टोला पडला.
टेकाडाखाली कुत्रा फिरवणाऱ्या पोराने मान वर केली,
फोनमध्ये वेळ पाहिली,
आणि जुळतेय का म्हणून
पुन्हा वर पाहिलं.