कूलर बंद करून

अजनीच्या रेल्वे क्वार्टरात डिक्रूझकाकांकडे
एकाच गाण्याच्या तीन तबकड्या होत्या.
तिन्हींत कुणी गात नव्हतं.
शब्द होते म्हणे गाण्याला. काकांना पाठही होते.
विचारलं की म्हणायचे, "लोको शेडमध्ये राहिले, उद्या आणतो."

माझ्याकडे कूलरचं बटण होतं.
त्या पत्र्याच्या खोक्याची घरघर आणि पियानो
एका खोलीत मावत नसत.
मे महिना, पारा सेहेचाळीसवर. "कर बंद."
पातं फिरत फिरत थांबायचं,
वाळ्यातून राहिलेले थेंब टपकायचे,
मग सुई.

पियानोवाला कंजूष.
चार सूर लागतात तिथे एक ठेवायचा
आणि बाकीचे तीन आपल्याला शोधायला लावायचा.
साडेतीन मिनिटं.
घाम कपाळावर जमायचा, ओघळायचा नाही.

ट्रम्पेटवाल्यानं भोंग्यात काहीतरी कोंबलं होतं.
बंद दाराआडून नवरा-बायकोचं भांडण ऐकू यावं
आणि त्यात फक्त नवराच ऐकू यावा, तसं.
पाच मिनिटं. बनियन पाठीला.

सॅक्सोफोनवाला मात्र अख्खी बाजू खायचा.
निघायचा गाण्याच्या घराकडेच,
पण धंतोलीत वळायचा, मेडिकल चौकात उगाच थांबायचा,
अजनीचा पूल दोनदा ओलांडायचा,
आणि आपण आशा सोडली की
फाटकाशी उभा, हातात तीच ओळ.
काकू ओला टॉवेल डोक्यावर घेऊन म्हणायच्या,
"त्याला सांगा, जेवण झाकून ठेवलंय."

मुहूर्त नसला की इतवारीहून सोनकुसरे यायचे,
मनिराम सोनकुसरे, बँडमध्ये क्लॅरिनेट.
जमिनीवर बसून ऐकायचे, पेटी मांडीवर.
"बाप्पा, हा तर सुराच्या बाजूबाजूनं जाऊन राह्यला,
सुरावर पायच नाही देऊन राह्यला."
त्यांना पियानोवाला आवडायचा. मला कूलर.

एकदा त्यांनी विचारलं,
"साहेब, हे गाणं दुःखाचं आहे का आनंदाचं?
म्हणजे, वरातीत चालंल का?"
काकांनी तबकडी पुसली, उलटी करून पुन्हा पुसली.
"नवरदेव पाहून ठरव."

मग एका दुपारी अर्ध्यावर वीज गेली.
सॅक्सोफोन म्हातारा झाला, मग म्हैस झाला,
मग मेडिकल चौकातच कुठेतरी बसला.
कुणी बोललं नाही.
सोनकुसऱ्यांनी पेटी उघडली, पत्ती ओली केली
आणि त्याला तिथून हाताला धरून घरी आणलं:
सरळ रस्त्यानं, एकदाही न वळता,
शेवटी एक मुरकी, लग्नघरच्या सवयीची.
"ही चौथी," काका म्हणाले.

पाचवी महालात, ताईच्या लग्नात.
दोन फिल्मी गाण्यांच्या मध्ये, ढोल थांबवून.
नाचणारे हात वर ठेवून उभे राहिले,
घोडा एक पाय उचलून,
भावजींनी सेहऱ्याच्या माळा बाजूला करून पाहिलं
की बँडचे पैसे कुणी थकवले की काय.
रस्त्याच्या कडेला काका, ऑरेंज सरबताचा ग्लास,
ओठ हलत होते.
म्हणजे शब्द त्यांनी आणले होते शेडमधून.

मी पुढे सरकले ऐकायला.
पण मागे हातगाडीवर दिव्यांचा जनरेटर
धडधडत होता नुसता,
आणि त्याचं बटण माझ्याकडे नव्हतं.

आता फोनवर तेच गाणं एकोणीस जणांचं सापडतं.
व्हायब्राफोन, गिटार, एक नुसता ढोलकवाला ड्रम.
एसीला आवाज नाही. काही बंद करावं लागत नाही.
शब्दही मिळाले, वाचले. साधेच आहेत,
कुणी येईन म्हणालं होतं, आलं नाही, एवढंच.

सॅक्सोफोनवाल्याला पुन्हा लावलं परवा.
अठरा मिनिटं. एक थेंब घाम नाही.
पूल ओलांडला त्यानं दोनदा,
आणि फाटकाशी आला तेव्हा
मी स्वयंपाकघरात होते, कुकरची तिसरी शिट्टी मोजत.