शंभरचा बल्ब

भद्रकालीत, तांब्याच्या दुकानांमागच्या बोळात
हुरमतबींचा गादी-कारखाना: दहा बाय बारा,
एक पिंजणयंत्र, एक शिडी
आणि हवेत सदा तरंगणारा कापूस.
मधोमध शंभरचा बल्ब. पिवळा, तापट.

एखादा तंतू त्यावर बसतो,
वळतो, करपतो.
“हा वास आता घरचाच,” बी म्हणतात,
“आला नाही तर चुकल्यासारखं होतं.”
कोपऱ्यात काजळीचा पट्टा, थेट पत्र्यापर्यंत.
नसरीनच्या दंडावर गोल डाग, रुपयाएवढा.
दोन्हींबद्दल कुणी काही बोलत नाही.

मी वायरमन. राहायला दसकला.
आमच्या गच्चीवरून एकलहऱ्याच्या चिमण्या दिसतात.
वडील तिथे राखेच्या कामावर, बत्तीस वर्षं.
दारात रुमाल झटकायचे, तर आई म्हणायची,
“घरी नका आणू हो कारखाना.”

म्हणून बल्बकडे बघताना मला
आधी उजेड दिसत नाही.
कोळशाची वाघीण दिसते.
शंभरातला उजेड मूठभर,
बाकी नुसती ऊब, कुणी न मागितलेली.

“न मागितलेली कशी?” बी म्हणतात.
“डिसेंबरात पारा सहावर येतो,
तेव्हा सुई धरायच्या आधी
बोटं मी यावरच शेकते.”
मला उत्तर सुचलं नाही.

मेन बंद केला. फडक्यात धरून फिरवला,
फडक्यातूनही चटका बसला.
मध्ये एकदा पिळाची नळी लावली होती म्हणे;
ती फुटली, आणि आतल्या पाऱ्याच्या धास्तीनं
दहा किलो कापूस फेकावा लागला.
हा नवा, बारा वॅटचा.
पारा नाही, तापणारी तार नाही.
बसवला.

खोली एकदम पांढरी झाली.
बींनी हातातल्या गादीचा टाका पाहिला: वाकडा.
“या अल्ला. इतकी वर्षं?”

मग एक तंतू खाली येता येता
त्या पांढऱ्या घुमटावर टेकला.
आम्ही तिघं बघत राहिलो.
बसला तो बसलाच.
नसरीननं शिडीवर चढून बोट लावलं,
आणि मागे घेतलं नाही.

रात्री गच्चीवर गेलो. धूर होता तेवढाच.
अठ्ठ्याऐंशी वॅटनी आभाळाला काय होणार?
दोरीवर शर्ट वाळत होता, बोट फिरवलं:
राखाडी.
पुसलं, आणि उद्याची यादी काढली.
त्याच बोळात अजून अकरा होल्डर.
एक चिनी मातीचा कटआउट.
आणि बींसाठी, टोकं उघडी असलेले,
लोकरीचे हातमोजे.